लाईट बिलात लाईट किती?

मराठी माणूस विजेला सहसा वीज म्हणत नाही. वीज आभाळात कडाडते. घरात असते ती लाईट. लाईट गेली, लाईट आली, लाईट बिल भरलं का, मीटर कुणाच्या नावावर आहे. फ्रिज, पंखा, मिक्सर सगळं एकदम बंद पडलं तरी आपल्या तोंडून निघतं, ‘लाईट गेली’. यात नवल नाही. बहुतेक घरांत वीज पहिल्यांदा शिरली ती दिव्याच्या रूपानं. स्वयंपाकघरात एक बल्ब, ओसरीवर एक बल्ब. पंखा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, फ्रिज आणखी नंतर. शब्द मात्र तेव्हाचा तसाच राहिला.

शब्दासोबत एक समजूतही राहिली. वीज वाचवायची म्हणजे दिवा बंद करायचा. माझे वडील रिकाम्या खोलीत दिवा दिसला की विचारायचे, ‘तिथं भुतं अभ्यासाला बसलीत का?’ आम्ही पळत जाऊन बटण बंद करायचो. आज माझ्या तोंडून तेच वाक्य निघतं आणि मुलगी तशीच पळते. प्रश्न एवढाच की वडील हे म्हणायचे तेव्हा ते बरोबर होते. मी म्हणतो तेव्हा त्यात कितपत तथ्य उरलं आहे?

हिशेब करून बघू. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की मीटरवर १ युनिट पडतं. वडिलांच्या वेळचा साधा बल्ब ६० वॅटचा. असे सहा बल्ब रोज पाच तास जळले तर दिवसाला १.८ आणि महिन्याला ५४ युनिट. त्या काळात घरात दुसरं होतं काय? एखादा पंखा, रेडिओ, इस्त्री. म्हणजे बिलाचा मोठा भाग खरोखरच दिव्यांचा होता आणि भुतांना हाकलणं योग्यच होतं.

आता तेच सहा दिवे ९ वॅटच्या एलईडीचे आहेत. महिन्याला ८ युनिट. पावसाळ्यातला एखादा महिना घ्या, म्हणजे पंखाही लागतो आणि गरम पाणीही. ७५ वॅटचे तीन जुने पंखे रोज बारा तास: ८१ युनिट. चार माणसांच्या आंघोळीचा गीझर: ४५च्या आसपास. फ्रिज: २० धरू. पाच तास चालणारा मध्यम टीव्ही: साडेसात. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आत जवळपास तेवढीच वीज खात बसतो. १० वॅट धरले तर चोवीस तासांच्या हिशेबानं महिन्याला ७ युनिट. एकूण बेरीज १६८. त्यात दिवे ८. शंभरातले पाच. सगळ्या घरातले दिवे मिळून जेवढं खातात, जवळपास तेवढंच तो कोपऱ्यातला काळा डबा एकटा खातो. त्याच्यावर घरात कुणी कधी ओरडल्याचं मला आठवत नाही.

बादली आणि बल्ब

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१० साली अमेरिकेत शाहजीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना विचारलं: वीज-इंधन वाचवायला तुम्ही करू शकाल अशी सगळ्यात परिणामकारक गोष्ट कोणती? सर्वाधिक लोकांचं उत्तर एकाच जातीचं होतं: दिवे बंद करणं, कमी वापरणं. कमी वीज खाणारी यंत्रं घेणं फार थोड्यांना सुचलं. मग त्यांना वेगवेगळ्या उपकरणांच्या वापराचा अंदाज करायला सांगितलं. लहानसहान वस्तूंचा अंदाज ठीक होता. मोठ्या यंत्रांचा मात्र साफ चुकला. सरासरीनं लोकांनी खरा वापर आणि खरी बचत २.८ पटींनी कमी धरली.

आपली चूक कुठे होते ते कळायला आंघोळीची बादली पुरते. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात (१००० वॅट-तास म्हणजे १ युनिट). हा निसर्गाचा भाव आहे, त्यात कुठल्याही कंपनीची घासाघीस चालत नाही. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची तर ०.३ युनिट. तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी बल्ब ३३ तास जळतो. बाथरूमचा दिवा रात्रभर राहिला म्हणून सकाळी घर डोक्यावर घेणारा माणूस त्याच बाथरूममध्ये दुसरी बादली शांतपणे ओतून घेतो, आणि त्या एका बादलीत तसल्या चार रात्री मावतात.

डोळ्याला उजेड दिसतो, कानाला पंखा ऐकू येतो; उष्णता मात्र गुपचूप असते. म्हणून एक ढोबळ नियम लक्षात ठेवायला बरा: जे तापवतं किंवा गार करतं ते भरपूर खातं, जे फिरवतं ते मध्यम, जे उजेड देतं किंवा बोलतं ते अगदी थोडं. मोबाइल पूर्ण चार्ज करायला २५ वॅट-तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका युनिटात चाळीस वेळा. चार्जर सॉकेटला लटकत ठेवू नका असं सांगणारे मेसेज ज्या उत्साहानं फिरतात, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं गीझरबद्दल फिरले तरी चाललं असतं.

एसीबद्दलचा गैरसमज आणखी मजेशीर. उन्हातून आलेला माणूस रिमोट घेऊन थेट १६ अंश लावतो, खोली लवकर गार व्हावी म्हणून. विलेट केम्प्टन या संशोधकानं १९८०च्या दशकात अमेरिकन घरांतल्या हीटरबद्दल नेमकं हेच पाहिलं होतं. अनेकांच्या मनात तापमानाचं बटण म्हणजे नळाची तोटी: जास्त फिरवलं की जास्त धार. खरं तर ते बटण फक्त कुठे थांबायचं ते सांगतं. साध्या एसीचा कंप्रेसर एकतर चालू असतो नाहीतर बंद. १६ लावा की २४, खोली सारख्याच वेगानं गार होते. फरक एवढाच की १६ला तो थांबतच नाही. एसीचं तापमान एका अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, सांगतं. जुना दीड टनी एसी रात्रभर चालला तर सहा-आठ युनिट सहज घेतो. घरातल्या सगळ्या दिव्यांचा महिना, एका रात्रीत.

सरकारनं इथे एक शहाणपणा केला. लोकांना पत्रकं वाटत बसण्याऐवजी १ जानेवारी २०२० पासून नवे स्टारवाले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू व्हावेत असा नियम केला. ज्याला १६ हवं त्याला बटण दाबायची मुभा आहेच. पण आळस हाही माणसाचा स्वभाव आहे आणि तो कधीमधी देशाच्या कामी येतो.

शेजारी काय करतो

समजा माहिती पोचली, हिशेबही कळला. मग माणूस वागतो का? इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी घरांच्या दारांना कागद अडकवले. काहींवर लिहिलं होतं, वीज वाचवा, पर्यावरण वाचेल. काहींवर, वाचवा, पैसे उरतील. काहींवर, पुढच्या पिढीचं भलं होईल. आणि काहींवर नुसतं एवढंच, की तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवतात. मीटर तपासले तेव्हा सगळ्यात जास्त बचत शेवटच्या कागदाची निघाली. गंमत म्हणजे लोकांना तुम्ही वीज का वाचवता असं विचारलं तर त्यांनी पर्यावरण वरती ठेवलं, आणि शेजारी वाचवतात म्हणून हे कारण सगळ्यात खाली. आपल्याकडे विचारलं असतं तरी वेगळं उत्तर आलं नसतं. ‘लोक काय म्हणतील’ हे नेहमी दुसऱ्यांनाच लागू असतं.

त्याच गावातला दुसरा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. २९० घरांना कळवलं की तुमचा वापर इतका आणि परिसराची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, हे ठीक. पण कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला! आपण सगळ्यांपेक्षा उगीच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असणार. मग ज्यांचा वापर कमी होता त्यांच्या कागदावर संशोधकांनी एक हसरा चेहरा काढला. बस, एवढंच. त्यांचा वापर पुन्हा वाढला नाही.

यावर पुढे अमेरिकेत मोठा कारभार उभा राहिला. लाखो घरांना टपालानं शेजाऱ्यांशी तुलना करणारा कागद जाऊ लागला. सहा लाख घरांच्या अभ्यासात सरासरी बचत २ टक्के भरली. आकडा ऐकून हिरमोड होतो, पण दर ११ ते २० टक्क्यांनी वाढवल्यावर लगेच जेवढा वापर घटतो तेवढीच ही घट आहे, आणि कागदाचा खर्च त्या मानानं थोडा. भारतातल्या शहरी घरांवर अनंत सुदर्शन यांनी असाच प्रयोग केला तेव्हा उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी उतरला. जिथे तुलनेसोबत पैशाचं बक्षीसही ठेवलं तिथे मात्र परिणाम उडून गेला. ‘चांगला शेजारी’ होण्याची ओढ होती तोवर माणूस वाचवत होता. पैसे आले आणि तो भाव करू लागला, एवढ्याशा रुपयांसाठी घाम कशाला गाळायचा.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे, फक्त आपण त्याला प्रयोग म्हटलं नाही. २००५च्या सुमारास खेड्यांत भारनियमन इतकं होतं की जेवणाच्या वेळी अंधार ठरलेला. तेव्हा महावितरणनं अक्षय प्रकाश योजना आणली. गावानं मिळून ठरवायचं की संध्याकाळच्या कळीच्या तासांत शेतीपंप चालवायचे नाहीत, गिरण्या बंद, जास्त वीज ओढणारं काही लावायचं नाही, तारेवर टाकलेले आकडे काढायचे. गावानं हे पाळलं की त्या वेळेत गावाला दिव्यापुरती अखंड वीज. शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण आकडा कुणाचा हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि बोलत कुणी नसतं. पण एकानं चोरून मोटर लावली तर अंधार सगळ्यांच्या ताटात पडणार. महावितरणच्या माणसानं येऊन पकडण्यापेक्षा पारावरच्या चार नजरा पुरत. पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे करायची कामं झाली आणि जे गावानं स्वतःला बांधून घेऊन साधलं होतं ते तारांनी साधलं. मला मात्र त्या पहिल्या टप्प्याचं कौतुक वाटतं. तिथे कुणी तापमानवाढीवर व्याख्यान दिलं नव्हतं. वाचवलेली वीज त्याच संध्याकाळी स्वतःच्या घरात दिसत होती, एवढंच.

शहरात हे दिसणंच नाहीसं होतं. मी वाचवलेलं युनिट कुठे गेलं? कुणाला ठाऊक. शेजाऱ्याचं बिल मला माहीत नाही, माझं त्याला नाही. दिसतात ते फक्त एसीचे बाहेर लटकलेले डबे, आणि त्यांची संख्या जितकी जास्त तितकं घर सुखवस्तू.

काटकसर आणि कंजुषी

मराठीत काटकसर हा गुण आहे आणि कंजुषी हा दोष. दोन्हींत कृती एकच असते. फरक कोण बघतंय यावर ठरतो. एकटे असताना पंखा दोनवर चालवणारे आपण पाहुणे आले की पाचवर नेतो, बैठकीतले सगळे दिवे लावतो. वीज वाचवणं लोकांना पटतं, पण चारचौघांत ते दिसू नये असंही वाटतं. ही गाठ भाषणांनी सुटत नाही.

म्हणून ज्या बदलात दाखवण्याजोगं काहीतरी असतं तो चटकन पसरतो. एलईडी बल्ब बघा. जानेवारी २०१५मध्ये उजाला योजना देशभर सुरू झाली. सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे तिला पडणारी एका बल्बची किंमत २०१४च्या ३१० रुपयांवरून दोनेक वर्षांत ४०च्या खाली आली. ज्यांना एकदम पैसे जड, त्यांना दहा-दहा रुपये बिलातून हप्त्यानं द्यायची सोय होती. उजेड जास्त पांढरा, बल्ब गरम होत नाही, शेजाऱ्यानं विचारलं तर सांगायला अभिमान. साधा पिवळा बल्ब दुकानांतून जवळपास हद्दपार झाला. लोकांची मनोवृत्ती आधी बदलली की किंमत आधी पडली? मला वाटतं किंमत. मन मागून आलं आणि आपणच पुढे होतो असं सांगू लागलं.

पंख्याचं तसं झालेलं नाही, आणि आमच्या वरच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा पंख्याचाच आहे. बीएलडीसी, म्हणजे ब्रशशिवाय चालणाऱ्या डीसी मोटरचा पंखा ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. तीन पंखे बदलले तर ८१ युनिटांचे ३२ होतात, ४९ वाचले. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटं स्वस्त आणि त्यापुढची जवळपास दुप्पट महाग, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून दहा रुपयांच्या वर. १६८ युनिटांच्या घरात ही ४९ सगळी महागातली. म्हणजे महिन्याला पाचशेच्या आसपास. प्रत्येकी तीन हजारांचे तीन पंखे वर्षातले आठ-नऊ महिने चालले तर दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात फरक दिसतोही.

तरी आपण घेत नाही. जुना पंखा चालतोय ना, मग काढायचा कशाला? नव्याचा रिमोट हरवतो आणि आजोबांना भिंतीवरचा रेग्युलेटरच हवा असतो. भाड्याच्या घरात पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचं; खर्च एकानं करायचा आणि फायदा दुसऱ्याला, मग करणार कोण? शिवाय घरोघरी या विषयातला अंतिम शब्द असतो गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचा. तो म्हणाला, ‘त्यात सर्किट असतं साहेब, गेलं तर फेकायचा. हा जुना मी भरून देतो’, की विषय संपला. सरकारी जाहिरातींपेक्षा त्याचा शब्द वजनदार, कारण पंखा पडला तर तोच येणार आहे. जनजागृतीचा पैसा माझ्या हातात असता तर फलकांऐवजी मी तो या माणसांच्या प्रशिक्षणावर लावला असता.

आणखी एक अडचण बोलून दाखवायला हवी. ‘मीटर पळतो’ हा आपल्याकडचा पक्का समज. वापर आणि बिल यांचा संबंधच नाही असं एकदा वाटलं की बिल शिकवत नाही, फक्त चिडवतं. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो, तो किती जण पाहतात? आपण रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो आणि कागद फ्रिजवर ठेवतो.

वहीतलं युनिट

शाळेत वीजबचत शिकवतात. बीईई २००५पासून शाळकरी मुलांसाठी चित्रकला स्पर्धा घेते, १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. चित्रं सुरेख असतात. त्यांत रडणारी पृथ्वी असते आणि हमखास एक बल्ब. गीझर काढलेलं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. मुलांचा काय दोष? गीझर दिसायला पांढरा डबा, त्याला डोळे काढून तो रडवणार कसा!

गंमत अशी की दहावीच्या विज्ञानात युनिटची गणितं असतात. इतक्या वॅटचं उपकरण इतके तास, तर बिल किती. मुलं ती सोडवतात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि स्वतःच्या घरचं बिल उघडून बघत नाहीत, कारण ते वडिलांच्या मोबाइलमध्ये असतं. ‘झिरोचा बल्ब’ शब्दाला भुलून तो रात्रभर ठेवणाऱ्या पिढीपेक्षा ही मुलं फार पुढे आहेत असं म्हणवत नाही. तो बल्बही झिरो नव्हताच. सहसा १५ वॅटच्या घरात असायचा, महिन्याला साडेतीन युनिट. चकतीच्या जुन्या मीटरला इतका बारीक वापर नीट टिपता येत नसे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात.

मुलीला हे समजावताना माझी भाषणं फुकट गेली. मग एका रविवारी तिला घेऊन मीटरपाशी गेलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किती लुकलुकींचं एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त दिवाणखान्यातला ९ वॅटचा बल्ब लावला. ती मोबाइलवर वेळ मोजत उभी. एक मिनिट झालं, दीड झालं. ‘बाबा, मीटर बिघडलाय.’ दोन मिनिटं होऊन गेल्यावर लाल दिवा एकदा चमकला. मग मी आत जाऊन गीझर लावला आणि परत येईपर्यंत ती मोजणं सोडून हसत होती. सेकंदाला जवळजवळ दोनदा, तिची बोटं पुरत नव्हती.